केदारनाथ मुलगी बघायला जातो

अंबाजोगाईच्या मंडी बाजारात ईश्वरप्पा होनरावांचं भांड्यांचं दुकान होतं. त्याच दुकानाच्या जिन्याखाली त्यांचा थोरला मुलगा केदारनाथ रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त करायचा. जागा एवढीशी की तो आत बसला की गिऱ्हाइकानं बाहेरच उभं राहावं. तरी गिऱ्हाईक उभं राहायचं, कारण समोरून सरळ विचारलं की केदारनाथला खोटं बोलता येत नसे. ‘हे होतंय’, ‘हे होत न्हाई’ किंवा ‘झालंय, पण टिकायचं न्हाई’ एवढंच तो सांगायचा आणि तसंच घडायचं. धंद्यात हा गुण चांगला. पण याच गुणानं पुढे चारचौघांत त्याची जी शोभा केली, ती ऐकण्यासारखी आहे.

तिशी उलटली तरी स्वारी लग्नाचं नाव काढू देत नव्हती. आई शिवगंगाबाईंनी विषय काढला की हा एखाद्या टीव्हीच्या पाठीमागून आत डोकं घालून बसे. टीव्हीत डोकं घातलेल्या माणसावर ओरडायचं कसं? दचकून हात भलतीकडे लागला तर काय घ्या! ईश्वरप्पांनी तर या विषयावर बोलणंच सोडलं होतं. धाकट्याचं लग्न थोरल्यापायी अडून बसलं होतं. आणि मग एके दिवशी केदारनाथ जेवता जेवता सहज म्हणाला, "परळीची ती मुलगी सुचवली हुती ना कुणीतरी? बघून येऊ की."

ही गोष्ट पंच्याण्णव सालाच्या आसपासची. गावात केबलच्या तारा या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबायला लागल्या होत्या. शिवगंगाबाईंना वाटलं, पोरगं दिवसभर केबलचे सिनेमे बघतं, त्याचाच हा चांगला परिणाम. त्यांनी हात जोडले आणि दुसऱ्याच दिवशी परळीला निरोप धाडला.

खरी गोष्ट वेगळी होती. मेडिकल कॉलेजातले एक डॉक्टर बदली होऊन निघाले, तेव्हा सामान आवरताना त्यांनी केदारनाथपुढे एक काळा डबा ठेवला होता. दोन जाड वह्या एकावर एक ठेवाव्यात एवढाच, वर राखाडी रबराची बटणं. "कॉम्प्युटर आहे. बंद पडलाय. चालू झाला तर तुमचा, नाही झाला तरी तुमचाच," असं म्हणून डॉक्टर गेले आणि केदारनाथच्या झोपेचं खोबरं झालं.

त्या दिवसांत कॉम्प्युटर म्हणजे काचेच्या दाराआडची वस्तू. गावात नवा क्लास निघाला होता, तिथे बाहेर चपला काढून, पाय पुसून आत जावं लागे. या डब्याला असले लाड लागत नव्हते. तो आपल्या साध्या टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरची वायर त्यात खुपसायची आणि कॅसेट लावायची. कॅसेट गाणं म्हणायच्या ऐवजी किंचाळायची आणि त्या किंचाळण्यातूनच प्रोग्रॅम आत उतरायचा. केदारनाथला याचं इतकं नवल वाटलं की विचारू नका. टीव्ही आपला, टेप आपला, मग मधला डबाच तेवढा परका का राहावा?

पण डबा जुना झाला होता. दहा वर्षांत कॉम्प्युटर म्हातारा होतो, हे केदारनाथला तेव्हा नव्यानं कळलं. बनवणाऱ्यांनी तो बनवायचा सोडला होता. लातूरच्या दुकानदारांनी तर हात वर केले. सुटे भाग मिळाले तर भंगारात, नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावर. आणि भंगार हुडकायला गावोगाव फिरतो म्हटलं असतं, तर ईश्वरप्पांनी एसटीच्या तिकिटालासुद्धा नकार दिला असता. मुलगी बघायला मात्र ते अख्खी जीप करायला एका पायावर तयार होते.

म्हणून केदारनाथ मुली बघायला लागला.

हा उद्योग ठाऊक असणारा एकच माणूस होता, जीपवाला सटवा. हा मेंढपाळाच्या घरातला. मेंढरं भावाच्या हवाली करून यानं जीप धरली होती आणि अंबाजोगाई ते मांजरसुंबा अशी माणसं कोंबून न्यायचा. परळीला चहा झाल्यावर केदारनाथ "वैजनाथाचं दर्शन घेऊन येतो" म्हणून उठला आणि सटवाला घेऊन स्टेशनमागच्या भंगारवाल्याकडे गेला. परतताना त्याच्या पिशवीत एक ट्रान्सफॉर्मर होता. पोरगं देवाधर्माला लागलं म्हणून शिवगंगाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गेवराईकडच्या उमापूरला मुलीच्या भावाचा बंद पडलेला व्हिडीओ गेम याच्या नजरेस पडला. तो यानं इतक्या प्रेमानं मागून घेतला की त्या घरी वाटलं, सोयरीक झाल्यात जमा आहे. तसं झालं नाही. शर्टावरचे डिंकाचे डाग आणि तारा जोडायच्या तापल्या झाळणीनं भाजलेली बोटं बघून मुलीकडूनच नकार यायचा आणि केदारनाथ त्यावर मुळीच दुःखी व्हायचा नाही. पण खरं सांगायचं तर, त्या मुली बिचाऱ्या नटूनथटून, पदर सावरत समोर येऊन बसायच्या आणि याचं लक्ष कोपऱ्यातल्या बंद रेडिओकडे. कानाखाली वाजवावी असंच वागणं होतं ते.

इतक्या घरचा पाहुणचार झाल्यावर डबा निम्मा जिवंत झाला. टीव्हीवर पांढरा पडदा यायचा, खाली एक ओळ उमटायची. पण बटणं दाबली तर निम्मी मुकी. रबरी बटणांच्या खाली एक प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, त्यावर बारीक रेषा असतात. बोट दाबलं की ती रेषा आत निरोप पोचवते. तो पडदा उन्हानं कडक होऊन मोडला होता. तो चिकटत नाही, झाळता येत नाही, घरी बनवता येत नाही. केदारनाथनं सगळं करून पाहिलं. ‘हे होत न्हाई’ असं स्वतःच्याच डब्याला सांगायची वेळ त्याच्यावर आली.

अशात चौसाळ्याचं स्थळ आलं. चौसाळा हायवेवरचं गाव, तिथे सोलापूरकडून येणारं टीव्हीचं भंगार उतरतं, असं सटवानं सांगितलं होतं. केदारनाथनं लगेच होकार दिला.

राजेश्वर शेट्यांचं घर दुकानाच्या मागेच होतं. किराणा, पेंड, खतं, सगळं एकाच छपराखाली. "शरणार्थ, शरणार्थ" असे नमस्कार झाले, हातपाय धुऊन मंडळी बैठकीत बसली. बशांतून सुशीला आला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे. मुरमुऱ्यांवर शेंगदाण्याचं कूट आणि वर हिरवीगार कोथिंबीर. केदारनाथनं पहिला घास घेतला, नजर वर केली आणि घास तसाच तोंडात राहिला.

समोरच्या शोकेसमध्ये, बाहुल्या आणि स्टीलच्या तांब्यांच्या मधोमध, क्रोशाच्या रुमालाखाली एक काळा डबा होता. रुमालाच्या भोकांतून राखाडी बटणं दिसत होती.

मुलगी आली. नाव रुद्राणी, बीडहून बी.कॉम. झालेली. पाटावर बसली. ईश्वरप्पांनी विचारायचं ते विचारलं, शिवगंगाबाईंनी विचारायचं ते विचारलं. केदारनाथ तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. राजेश्वर शेटे मोठ्या मनानं म्हणाले, "मुलाला काय विचारायचं असंल तर विचारू द्या. आता पयल्यासारखं न्हाई ऱ्हायलं."

केदारनाथनं घसा साफ केला. "त्याची सगळी बटणं चालतात का?"

कुणाची बटणं, कसली बटणं, काही कुणाला कळेना. रुद्राणीनं मात्र मान वर केली.

"बटणं सगळी चालतात," ती म्हणाली. "मशीनच चालत न्हाई."

"काय झालं त्याला?"

"मोठी चिप जळाली." मग तिनं त्याच्याकडे सरळ बघून विचारलं, "तुमी मला बघायला आलाव का त्याला?"

इथे कुणीही शहाणा माणूस हसून वेळ मारून नेतो. पण आपला केदारनाथ! तो म्हणाला, "खरं सांगू का? घरून निघालो तवा दोघांलाबी न्हाई. हायवेला टीव्हीचं भंगार उतरतंय म्हणून आलतो."

ईश्वरप्पांच्या हातातली बशी वाकडी झाली. शिवगंगाबाईंना एका क्षणात परळी आठवली, उमापूर आठवलं, वैजनाथाचं दर्शन आठवलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. राजेश्वर शेटे उठून उभे राहिले. ते रागावले होते, पण घरी आलेल्या पाहुण्याला रिकामं लावायचं नाही म्हणून त्यांनी चहा होऊ दिला. इतका कडू चहा होनरावांनी जन्मात प्याला नव्हता. पाहुणे जीपमध्ये बसण्याआधीच शेट्यांनी सांगून टाकलं, "आमच्याकडून न्हाई म्हणा."

या सगळ्या फजितीत रुद्राणी पदराआड हसत होती, हे एकट्या सटवानं दारातून पाहिलं.

घरी आठवडाभर कुणी केदारनाथशी बोललं नाही. शिवगंगाबाई ताट वाढायच्या आणि तोंड फिरवायच्या. तो मात्र जिन्याखाली बसून वेगळ्याच काळजीत होता. आधी त्याला वाटलं, आपण त्या पडद्यासाठी झुरतोय. चौसाळ्याला धडधाकट पडदा आहे आणि इथे धडधाकट चिप आहे, दोन्ही मिळून एक डबा होतो, हा हिशेब त्याच्या डोक्यातून जात नव्हता. पण रेडिओ खोलताना त्याच्या कानात पडदा बोलत नव्हता. ‘बटणं सगळी चालतात, मशीनच चालत न्हाई’ असं न अडखळता, न लाजता सांगणारा आवाज बोलत होता. अख्ख्या जिल्ह्यात या डब्याबद्दल बोलता येईल असं माणूस त्याला पहिल्यांदा भेटलं होतं आणि त्यानं ते तासाभरात घालवलं होतं.

शेवटी त्यानं सटवाला गळ घातली. चौसाळ्याला फेरी झाली की दुकानात काडेपेटी घ्यायच्या निमित्तानं विचार, पडदा देता का.

सटवा उत्तर घेऊन आला. "पोरगी म्हणती, पडदा मिळायचा न्हाई. तुमीच तुमची चिप द्या, म्हणती. आन् ऐक बे, लई हसून म्हणती."

"चिप कावून द्यायची मी? मग माझा डबा म्हणजे नुसता डबाच की."

"हेच मी म्हणलो तिला. ती म्हणती, मग माझा काय हाय?"

केदारनाथनं पुन्हा रेडिओत डोकं घातलं.

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची यात्रा. मराठवाड्यातली लिंगायत घरं तिथे लोटतात, मन्मथस्वामींच्या समाधीवर डोकं टेकवतात आणि डोंगरातून कोसळणाऱ्या धारेखाली पोरांना धरून उभं करतात. शिवगंगाबाईंनी मुलाला मुद्दाम सोबत घेतलं, निदान स्वामींनी तरी याला सुबुद्धी द्यावी म्हणून. प्रसादाच्या पंगतीला वाढपी कमी पडले तेव्हा केदारनाथ भाताची बादली घेऊन उठला. बायकांच्या पंगतीत वरण वाढत रुद्राणी येत होती. दोघं पंगतीच्या टोकाला समोरासमोर आली.

"आणली का चिप?" तिनं विचारलं.

"आधी सांगा, चालू करून करणार काय? गेम खेळणार?"

"गेम माझा भाऊ खेळतो." तिनं वरणाची बादली खाली ठेवली. "माझा मामा कुवेतला हुता. लढाई झाली तवा सगळं टाकून परत आला, पण हे मशीन तेवढं काखोटीला मारून आला. त्यानंच शिकवलं मला. त्यात मराठी अक्षरं न्हाईत, सगळं इंग्रजी. मग मी बसवली."

"काय बसवली?"

"अक्षरं. भरतकामाला मॅटीच्या कापडावर घरं मोजून टाके घालतात ना, तसंच. चौकटीच्या कागदावर एकेक घर काळं करून अक्षर काढायचं, मग आत घालायचं. ‘ळ’ काही केल्या बसंना, लई वाकडा यायचा. पण बसवला. टीव्हीवर सगळी अक्षरं उमटली त्या दिवशी मी अप्पाला हाका मारल्या. अप्पा म्हणले, दुकानात गिऱ्हाईक हाय, उद्या दाखव. मी कॅसेटवर उतरवून ठेवलं. आन् संध्याकाळी शेजारच्या लग्नाच्या मांडवात कुणीतरी खांबावरनं आकडा टाकला, लाईट एकदम वाढली, आन् मशीन गेलं."

"मग अप्पांनी?"

"अजून न्हाई बघितलं," ती म्हणाली आणि बादली उचलून पुढे गेली.

केदारनाथ भाताची बादली हातात धरून उभाच. पंगतीतली एक म्हातारी ओरडली, "आरं बाबा, भात वाढतोस का बघत ऱ्हातोस?" तेव्हा तो भानावर आला. त्या डब्यावर आपण काय करणार होतो? कुणाचा तरी गेम चालवून बघणार होतो. आणि या पोरीनं त्यात आपली भाषा घातली होती, घरं मोजून, एकेक टाका घालावा तशी. त्याला इतका आनंद झाला की तो लपवायचा कुठे हेच कळेना. म्हणून त्यानं त्या म्हातारीच्या पानात भाताचा ढीगच ओतला.

पुढच्या बाजाराच्या सुट्टीला त्यानं आपला डबा खोलला. मोठी चिप खाचेत बसवलेली असते, झाळलेली नसते. बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं दोन्ही टोकांनी जपून उचलली की निघते. निघाली. इतक्या गावांचा चहा पिऊन, आईला फसवून, लोकांच्या पोरींपुढे मख्खासारखं बसून जे उभं केलं होतं, ते एका हातानं बंद झालं. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. त्यानं चिपचे पाय थर्माकोलमध्ये रोवले, वर चांदीचा कागद गुंडाळला आणि सटवाच्या जीपमध्ये जाऊन बसला.

सटवा वाटभर बोलत राहिला. "येडा हायस का बे तू? पडदा मागायला गेलतास आन् चिप द्यायला निघालास. आन् त्यांनी न्हाई म्हणून कळवलंय, ध्यानात हाय ना?"

"हाय."

"मग?"

"तिच्या अप्पानी बघितलंच न्हाई अजून," केदारनाथ म्हणाला. सटवाला यातलं काही कळलं नाही, पण गाडी त्यानं नेटानं हाणली.

राजेश्वर शेटे दुकानाच्या उंबऱ्यात उभे होते. "आमी एकदा न्हाई म्हणलंय," ते म्हणाले.

"ठाऊक हाय अप्पा. मी दुरुस्तीला आलोय."

दुरुस्तीला आलेल्या माणसाला दारातून परत कसं लावायचं? शेटे बाजूला झाले. शोकेसमधून डबा निघाला, रुमाल निघाला, तळाचे स्क्रू निघाले. जळालेली चिप काढून केदारनाथनं आपली तिथे बसवली, टीव्हीला वायर लावली. पडदा पांढरा झाला, खाली ओळ आली. रुद्राणीनं बटणं दाबून पाहिली. एकेक बटण बोलत होतं.

मग तिनं कॅसेट आणली. टेप सुरू होताच असा किंचाळला की शेट्यांनी कानावर हात ठेवले आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं आत डोकावली. कॅसेट संपली. पडद्यावर काही नाही. पुन्हा लावली. पुन्हा काही नाही. रुद्राणीचा चेहरा उतरला. इतकी वर्षं जपलेली कॅसेट पुसली गेली असेल तर?

केदारनाथनं टेपचं झाकण उघडलं. हेडवर मळाचा थर बसला होता. त्यानं धोतराच्या फडक्याला स्पिरीट लावून तो पुसला, मग कॅसेट चालू ठेवून हेडचा बारीक स्क्रू फिरवत आवाजाकडे कान लावला. किंचाळणं आधी दबकं होतं, मग एकदम स्वच्छ आणि धारदार झालं. जगात त्या आवाजावर खूश होणारी दोनच माणसं असतील, ती दोघं तेव्हा त्या बैठकीत होती. "आता लावा," तो म्हणाला.

टेप थांबला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘अ’ उमटला. मग ‘आ’. मग एकामागून एक, घराघरांची, जरा चौकोनी, पण अगदी आपली अक्षरं.

राजेश्वर शेटे खुर्चीवरून उठले. टीव्हीच्या इतक्या जवळ गेले की नाक काचेला लागायचं राहिलं. शाळेतल्यासारखं एकेक अक्षर मोठ्यानं वाचत गेले. "ळ", ते म्हणाले, "जरा वाकडाच हाय ग."

"बसंना अप्पा तो," रुद्राणी म्हणाली. मग ती बटणांवर वाकली आणि पडद्यावर आलं, ‘चौसाळा’.

"अगं इकडं ये!" शेट्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली. "आपलं गाव आलंय बघ टीव्हीवर! पोरीनं केलंय!" गिऱ्हाइकंही आत आली, सटवाही आला. शेटे सगळ्यांना पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होते आणि डोळे पुसत होते. उद्या दाखव म्हणून लेकीला परतवल्याचं त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

बऱ्याच वेळानं ते केदारनाथकडे वळले. "ही चिप कुठं घावली म्हणायची?"

"माझ्या मशिनची हाय."

"मग तुमचं मशीन?"

"बंद."

"ते चालू व्हायला आता काय लागंल?"

केदारनाथनं नेहमीसारखं खरं ते सांगितलं. "ते होत न्हाई अप्पा."

"कावून होत न्हाई?" रुद्राणी मध्येच म्हणाली. "हे हाय की. दोघांचं."

रुद्राणीची आई दारात थबकली. केदारनाथच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला आणि तो उचलायचं भान त्याला राहिलं नाही. राजेश्वर शेट्यांनी लेकीकडे पाहिलं, मग त्या भाजलेल्या बोटांच्या माणसाकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्यावरच्या चौकोनी अक्षरांकडे.

"दोघांचं म्हणजे मशीन ठेवायचं कुठं?" त्यांनी विचारलं. "इथं का अंबाजोगाईला?"

"अंबाजोगाईला," ती म्हणाली. "तिथं दुरुस्तीवाला घरातच हाय."

शेटे हसायला लागले. हसता हसता त्यांनी दुकानातून साखरेची पुडी आणवली आणि सटवाला सांगितलं, "गाडी वळव. आई-वडलांना घेऊन ये यांच्या. आन् आजच आण."